धातू तोच, पिंजरा वेगळा

फोंड्याच्या ताईंनी लिहिलंय की आईच्या एमआरआयला डाय द्यायचा म्हटल्यावर घरात 'किडनी जाईल' म्हणून धास्ती पसरली. भीती अगदीच हवेतली नाही. स्कॅनचं चित्र उजळवणाऱ्या या डायमधला गॅडोलिनियम हा धातू मोकळा सुटला तर विषारीच, म्हणून तो रेणूच्या पिंजऱ्यात अडकवून टोचतात. जुन्या लिनिअर प्रकारात हा पिंजरा एका बाजूने उघडा. किडनी अधू असेल तर औषध अंगात रेंगाळतं आणि धातू निसटतो. कातडी घट्ट करणाऱ्या एनएसएफ या आजाराशी त्याचा संबंध 2006 मध्ये लक्षात आला. मॅक्रोसायक्लिक या दुसऱ्या प्रकारात धातू चहूबाजूंनी बंद, तिथे हा धोका फारच कमी.

खरी गंमत गॅडोपिक्लेनॉल या मॅक्रोसायक्लिक डायची. चित्र उजळतं ते धातूला चिकटणाऱ्या पाण्यामुळे. इथे पाण्याच्या एकाऐवजी दोन रेणूंना जागा ठेवलीय. म्हणून 60 किलोच्या माणसाला नेहमीच्या 12 मिलीऐवजी 6 मिली पुरतं. अमेरिकेत 2022 मध्ये मंजुरी मिळाली. गॅडोलिनियमऐवजी मँगनीज वापरण्यावरही काम चाललंय, पण ते अजून चाचण्यांत.

तेव्हा ताई, स्कॅन पणजीत करा की मडगावात, इंजेक्शन कुठल्या प्रकारचं ते आधी विचारा आणि किडनीचं काम कळणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा ताजा रिपोर्ट दाखवा. आणि हो, शहाळ्याने डाय 'धुऊन' वगैरे निघत नाही. किडनी खरंच अधू असेल तर त्यातलं पोटॅशियमच नडायचं.