चार वर्षांखाली खोकल्याचं औषध नाही, मग फी कशाची?

खोपोलीकर: आमच्याकडच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने सगळ्या दवाखान्यांत बोर्ड लावलाय, चार वर्षांखालच्या मुलांसाठी सर्दी-खोकल्याचं औषध मागू नका, मेडिकलवरून परस्पर घेऊ नका. पोरगा अडीच वर्षांचा, रात्रभर खोकतो, खोकून खोकून उलटी करतो. नंबर लावून बसलो, तासाभराने आत गेलो, डॉक्टरांनी तपासलं आणि नाकात टाकायला मिठाच्या पाण्याचे थेंब लिहिले. फी सहाशे. औषध द्यायचं नाही तर सहाशे कशाचे? आम्ही सगळे लाल औषध पिऊन मोठे झालो, कुणाला काही झालं नाही. डॉक्टरांना स्वतःची कातडी वाचवायचीय, संघटना त्यासाठीच.

रेवती: "कुणाला काही झालं नाही" वाचून राहवलं नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याच्या परासियात काय झालं ते विसरलात एवढ्यात? साध्या सर्दी-खोकल्याला दिलेलं कोल्ड्रिफ सिरप, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं, चालतं 0.1. लेकरांची लघवी बंद झाली, किडन्या गेल्या, वीसहून जास्त मुलं दगावली, त्यातली कितीतरी उपचाराला आपल्या नागपुरात आणली होती. आणि चार वर्षं हे संघटनेने मनाने नाही लिहिलेलं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन या सर्दीच्या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असं बाटलीवर छापा, हे औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच सांगितलंय, आणि कोल्ड्रिफमध्ये तेच मिश्रण होतं. दादा, फी छाती ऐकून न्यूमोनिया नाही हे सांगण्याची असते, बाटलीची नसते. सर्दीचा खोकला दोन-दोन आठवडे रेंगाळतो. तुमचा मुलगा वर्षावरचा आहे, झोपताना अर्धा चमचा मध द्या.

मेडिकलवाला: विष कंपनीने घातलं आणि बोर्ड आमच्या नावाने. संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, "छोट्यासाठी खोकल्याचं एक द्या", चिठ्ठी विचारली की शेजारच्या दुकानात जातं, मी काय दुकान बंद करू? 1986 ला जे.जे. हॉस्पिटलमध्ये याच विषाने 14 पेशंट गेले, ग्लिसरीनमधून. चौकशीला नेमलेल्या लेंटिन आयोगाने कुठे काय सडलंय ते सगळं लिहून दिलं. तरी 2025 मध्ये तेच विष, तेच मरण. संघटनेला मुलांची एवढी काळजी आहे तर तो बोर्ड औषधं तपासणाऱ्या एफडीएच्या दारात लावा, प्रत्येक बॅच तपासून बाहेर सोडा म्हणा.

रेवती: एफडीएचं शंभर टक्के बरोबर. पण चिठ्ठीशिवाय न देणं तुमच्याच हातात आहे भाऊ, ते कंपनीवर ढकलू नका.

सुमनमावशी: मध द्या म्हणे! माझ्या नातवाला आम्ही जन्मल्यावर सोन्याच्या वळ्याने मध चाटवायला गेलो तर सुनेच्या डॉक्टरांनी केवढा आरडाओरडा केला. बाळगुटी पण बंद. सहाणेवर हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, वेखंड, एकेक वेढा उगाळून मी तीन मुलं वाढवली. आता डॉक्टर सांगतात म्हणून मध औषध झालं, आणि आम्ही सांगितलं की अडाणीपणा? विषय आम्हा आज्यांचा आला की सगळ्या संघटनांना कंठ फुटतो.

वॉर्ड नं. 4: मावशी, मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. वर्षाखालच्या बाळाला मध नको म्हणजे नकोच. मधातले जंतुबीज एवढ्याशा आतड्यात रुजतात आणि विष तयार होतं. बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, रडणं बारीक होतं, कधी श्वासही थांबतो. वर्षावरच्या मुलाला ते बाधत नाही, म्हणून रेवतीताईंनी सांगितलेलं बरोबर. आणि पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. गुटीची सहाण कितीदा उकळून घेतात घरी? जुलाब होऊन आलेली बाळं आम्ही बघतो.

सुमनमावशी: आमच्या घरची सहाण रोज उकळत्या पाण्याने धुतली जायची, तुम्ही बघायला नव्हतात! आणि आता माझं ऐका. सुनेला दूध उतरत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी दवाखान्यातूनच पावडरच्या दुधाचा डबा आणायला सांगितला, नाव लिहून दिलं चिठ्ठीवर. गुटीला सहा महिने थांबा आणि डब्याला तीन दिवस? पोरगी रडत होती, कुणी जवळ बसून बाळ अंगाला कसं लावायचं ते दाखवलं नाही. तेव्हा कुठे होती संघटना?

रेवती: मावशी, म्हणून मध चाटवणं बरोबर ठरतं का?

सुमनमावशी: विषय बदलू नकोस. डब्याचं उत्तर दे.

वॉर्ड नं. 4: उत्तर मी देते. डब्याबद्दल मावशींचं म्हणणं खरंय, मला मान्य करावं लागतंय. 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या डब्याची जाहिरात नाही, दवाखान्यात पोस्टर नाही, डॉक्टरला भेटवस्तू नाही, परिषदेला कंपनीचा पैसा नाही. तरी नाव लिहिलेली चिठ्ठी हातात पडते. तिसऱ्या दिवशी आईजवळ अर्धा तास बसायला माणूस लागतं, आमच्याकडे एका पाळीला दोघी असतो.

मेडिकलवाला: म्हणजे आमच्यावर बोर्ड आणि चिठ्ठीवर गप्प. ओआरएसचं नाव छापून गोड पाणी विकायचे, ते 2025 मध्ये खाद्यपदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफएसएसएआयने बंद केलं, कारण हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं मागे लागल्या होत्या. एक बाई एवढं करू शकते तर एवढी मोठी संघटना डब्याच्या चिठ्ठ्या बंद करू शकत नाही?

रेवती: करायलाच हव्यात, त्यात वाद नाही. खोकल्याचा बोर्ड मात्र उतरवू नका.

खोपोलीकर: गुटी आणि डब्यात माझा पोरगा राहिला बाजूला. मेडिकलवरून आणलेली बाटली तूर्त कपाटात ठेवली, मध देऊन बघतो. सहाशे जास्तच आहेत, ते मत तसंच. पण रात्री दोनला दवाखाना उघडा नसतो, तेव्हा साधा खोकला की न्यूमोनिया हे आम्ही कसं ओळखायचं? तेवढं लिहा बोर्डावर.

वॉर्ड नं. 4: मूल शांत असताना, रडताना नाही, शर्ट वर करा आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 2 महिने ते वर्षभराच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त झाले तर थांबू नका, हॉस्पिटलला न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील, पाणीही पीत नसेल किंवा गुंगीत असेल तर मोजत बसू नका, सरळ निघा. 108 ला फोन करा.