ॲस्पेनचे फोटो: डोळ्यांना सोनं, स्क्रीनवर सांडलेली हळद

अवखळवारा:

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना घेऊन डोंगरात फॉल कलर्स, म्हणजे ॲस्पेनची पिवळी झालेली झाडं, बघायला जायचंय. बाबा नुकतेच भारतातून आलेत, सत्तरी ओलांडलेले, सपाटीवर मजेत चालतात, पण चढ नको म्हणतात. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (छोट्या सेन्सरचा) आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स, आणि एक हलकासा ट्रायपॉड.

अडचण अशी की समोर अख्खा डोंगर पेटलेला असतो आणि फोटोत येतो तो पिवळ्याचा सपाट पट्टा. पान न् पान वेगळं दिसायला हवं, ते दिसतच नाही. सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवलं तर कुणीतरी हळदीचा डबा लवंडल्यासारखं होतं. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर) घ्यावा का? की लेन्सच बदलावी? नवरा म्हणतो, "कशाला एवढा खटाटोप, फोनवर काढ." जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

घाटवाट:

लेन्स अजिबात बदलू नका, ५५-२५० हे याच कामाचं हत्यार आहे. आणि सॅच्युरेशनच्या पट्टीला हात लावू नका, रोग तिथे नाहीच.

पिवळा म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात लाल आणि हिरवा चॅनल भरलेले, निळा जवळपास रिकामा. उन्हातल्या ॲस्पेनवर बहुतेक वेळा लाल चॅनल सगळ्यांत आधी काठोकाठ भरतो आणि वाहून जातो. तुमचा साधा एकरंगी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) तेव्हाही 'सगळं ठीक आहे' असंच सांगत असतो. लाल वाहून गेला की दोन पानांमधला फरक गेला, उरतो तो तुमचा सपाट पट्टा. तेव्हा मेन्यूत जाऊन आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) चालू करा. आलेखातला लाल डोंगर उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) खाली ओढा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. अंधारलेल्या सावल्या घरी येऊन उचलता येतात, पण वाहून गेलेला पिवळा कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही.

हे झालं तांत्रिक. खरी गोम उन्हाच्या दिशेत आहे. ऊन पानावर पडलेलं नको, पानातून आलेलं हवं. आपण गाडीतून उतरतो, सूर्य पाठीशी घेतो (लहानपणी सगळ्यांना हेच शिकवलेलं असतं) आणि समोर फोटो मारतो. तेव्हा पानांच्या गुळगुळीत अंगावरून पांढरट चकाकी येते आणि रंग तिच्याखाली दबतो. त्याच जागी उभं राहून मागे वळा. सूर्य झाडांच्या पलीकडे असला की पान आतून उजळतं. देठापासून फुटलेल्या शिरा, कडेचे बारीक दाते, एखाद्या पानाचा अजून हिरवा राहिलेला मधला भाग, हे सगळं दिसायला लागतं आणि खोडांच्या कडांना प्रकाशाची रेघ येते. सूर्य एखाद्या जाड खोडामागे लपवा, हूड लावा, मागे सावलीतला गडद उतार येईल अशी जागा धरा. गडद पार्श्वभूमी नसेल तर हा बॅकलाइट (मागून येणारा उजेड) फुकट जातो. आकाश शक्यतो फ्रेममध्ये घेऊच नका.

वारा हा दुसरा शत्रू. ॲस्पेनचा देठ चपटा असतो, तोही पानाच्या पात्याशी काटकोनात, त्यामुळे आपल्या गालाला कळणारही नाही इतक्या झुळकीने पान उलटसुलट होतं. पान गोठवायचं असेल तर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागतंच, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० झाला तरी बेहत्तर. थोडा ग्रेन (दाणेदारपणा) परवडतो, अर्धवट हललेलं पान नाही. पहाटे हवा बहुतेक वेळा शांत असते. अकरानंतर वारा सुटला की मी भांडत बसत नाही, उलट टोकाला जातो. शटर अर्धा सेकंद, कॅमेरा ट्रायपॉडवर, खोडं स्थिर आणि पानांचा नुसता धूर. दहातले नऊ टाकून द्यावे लागतात, पण दहावा भिंतीवर लावण्याजोगा निघतो.

पोलरायझर जरूर घ्या, फक्त तो आकाश निळं करायला असतो हा समज सोडा. त्याचं काम पानांवरची चकाकी काढणं. ढगाळ हवेत, पाऊस पडून गेल्यावर, ओल्या झाडीत तो फिरवून बघा, रंग डोळ्यांदेखत दाट होतो. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला असताना त्याचा परिणाम सगळ्यांत जास्त, समोर किंवा पाठीमागे असताना जवळपास शून्य. म्हणजे वरचा बॅकलाइटचा फोटो काढताना तो काढून ठेवा, उगाच दीड-दोन स्टॉप प्रकाश खाईल. आणि १८ मिमीवर लावलात तर निळं आकाश एका बाजूला काळपट, दुसऱ्या बाजूला फिकं असं चमत्कारिक दिसतं.

खोडांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तिथे पुष्कळ जण घसरतात. ॲस्पेनचं खोड पांढरंशुभ्र नसतंच. सालीत हरितद्रव्य असतं, पानं नसतानाही साल थोडंफार प्रकाशसंश्लेषण करते, म्हणून जवळून बघितलं की पांढऱ्याखाली फिकट हिरवट झाक दिसते. वर भुकटी असते, हात फिरवला की तळव्याला लागते. त्यात पिवळ्या छताखाली उभे असाल तर खालपर्यंत झिरपलेला उजेडच पिवळा. आता ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप जुळवणारी सेटिंग) काय करतो? त्याला वाटतं फोटो पिवळा पडलाय, की ओतलं निळं. 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी'वर टाकून विसरा, आणि नंतर स्लायडर ओढून खोड कागदासारखं पांढरं करायचा मोह आवरा. खोडांचा खरा विषय म्हणजे ते काळे 'डोळे': खालच्या फांद्या झाड स्वतःच गाळतं, तिथे राहिलेले व्रण. आणि माणसाच्या उंचीवर जो काळा खरबरीतपणा दिसतो, तो पुष्कळदा एल्क हरणांनी साल कुरतडल्याचा. पट्टीने आखल्यासारखी एकसारखी खोडं हवी असतील तर रस्त्यालगतचं झुडूप सोडून थोडं आत चला. कॅमेरा वर-खाली कलवू नका, नाहीतर खोडं एकमेकांवर पडायला लागतात.

आणि हो, फोन. फोन वाईट नाही. पण तो तुम्हाला न विचारता पिवळा भडक करतो, मग घरी आल्यावर खरा कसा होता हे कुणालाच आठवत नाही.

रानचाफा:

घाटवाट, प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला. तरी एका मुद्द्यावर भांडते: आकाश घेऊच नका हे मला पटत नाही. जंगलाच्या आतले फोटो कुठल्याही जंगलाचे असू शकतात. कोलोरॅडोचं कोलोरॅडोपण त्या शिखरांत आहे. हायवे ६२ वर डॅलस डिव्हाइडच्या खिंडीत सूर्यास्ताच्या आधी उभं राहावं. समोर १४,००० फुटांवर गेलेलं माउंट स्नेफेल्स, त्यावर नवा बर्फ, खाली ओक आणि ॲस्पेनचे पट्टे. आकाश कापून तो फोटो काढणार कसा? (कुंपणापलीकडची जमीन खासगी रँचची आहे. फोटोसाठी तारा ओलांडून जाणारे महाभाग दिसतात, तसं कृपया करू नये.)

घाटवाट:

मान्य. 'शक्यतो' म्हणालो होतो, तेवढी पळवाट ठेवलीच होती. शिखर आणि बर्फ असेल तर आकाश घ्या. पांढरं, रिकामं, ढगांनी सारवलेलं आकाश मात्र मी आजही कापतो.

अवखळवारा:

बापरे, एवढं सविस्तर! खूप धन्यवाद दोघांनाही. आरजीबी हिस्टोग्राम सापडला, मेन्यूत तिसऱ्या पानावर लपून बसला होता. आता पुढचा प्रश्न, बाबांना घेऊन जायचं कुठे? त्यांनी मरून बेल्सचे (तळ्यामागची ती जोडशिखरं) फोटो बघितलेत, तेच डोक्यात आहे. आणि 'पीक', म्हणजे रंगांचा ऐन भर, नेमकं कधी ते कसं ओळखायचं? दर वेबसाइट वेगळं सांगते. शिवाय एक डोंगर अर्धा हिरवा, अर्धा पिवळा असं का असतं?

नेमका:

मरून बेल्सला आयत्या वेळी जाता येत नाही. शटल बसला आधी आरक्षण लागतं आणि स्वतःची गाडी न्यायची तर पार्किंगलाही. सप्टेंबरअखेरचे स्लॉट खूप आधी संपतात. मिळालंच तर पहाटेचं घ्या: तळं सावलीत, शिखरांवर पहिलं ऊन. डेन्व्हरहून सकाळी निघून पोचलात तर तो प्रकाश गेलेला असेल, म्हणजे मुक्काम आला.

घाटवाट:

अर्ध्या डोंगराचं उत्तर मुळांत आहे. ॲस्पेन बहुतेक करून बियांपेक्षा मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी पसरतं. म्हणजे जो पट्टा दिसतो तो पुष्कळदा एकच जीव असतो, त्याची सगळी खोडं साधारण एकाच वेळी रंगतात, आणि शेजारचा वेगळा जीव आपल्या वेळेने. युटाहमधल्या फिशलेक जंगलात पांडो नावाचा असा एकच समूह आहे, जवळपास १०६ एकरांवर, सुमारे ४७,००० खोडांचा. फोटोसाठी ही चांगलीच सोय आहे. २५० मिमीने दोन समूहांची शीव पकडा, हिरव्यात घुसलेला पिवळा, मध्ये एखादा नारिंगी. हिरवे पट्टे दिसले की 'अजून पीक आलं नाही' म्हणून लोक परत फिरतात. मला तर तेव्हाच मजा येते, सगळं एकजात पिवळं झालं की डोळ्याला टेकायला जागा राहत नाही.

त्यामुळे 'पीक'च्या मागे फार लागू नका. उत्तरेकडचं आणि उंचावरचं आधी रंगतं, दक्षिणेकडचं सॅन वान डोंगरांतलं मागाहून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतही जातं. नकाशापेक्षा हवामान बघा. एक जोरदार वादळी वारा किंवा लवकर आलेला बर्फ रात्रीतून डोंगर उघडा करतो. वसंत ओला गेला असेल तर पानांवर बुरशीचे काळे डाग असतात, लांबून कळत नाहीत पण टेलिफोटोत डोळ्यांत खुपतात. अशा वर्षी जवळचे फोटो सोडून द्यायचे, उतार टिपायचे.

बाबांसाठी मी केनोशा पास ही खिंड सांगेन. डेन्व्हरहून हायवे २८५ ने सव्वा-दीड तास, उंची १०,००० फूट. कोलोरॅडो ट्रेल ही पायवाट तिथे हायवे ओलांडते, कुठल्याही बाजूला थोडं चाललं की ॲस्पेनमध्ये आत शिरता येतं, मोठा चढ लागायच्या आधीच. सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहा, म्हणजे बॅकलाइट आपोआप मिळेल. परतताना ग्रँट गावाला वळून ग्वानेला पासवरून जॉर्जटाउनला उतरा, पूर्ण डांबरी रस्ता आहे. माथा ११,६६९ फुटांवर, तिथे झाडं नाहीत, ॲस्पेन दोन्ही बाजूंना खालच्या टप्प्यांत. माथ्यावर थांबायचा हट्ट नको. १०,००० फुटांवरच प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तीस टक्के कमी ऑक्सिजन मिळतो, आणि बाबा भारतातून नुकतेच आलेत. डेन्व्हरला चार-पाच दिवस रुळू द्या, पाणी भरपूर पाजा, डोकं दुखायला लागलं तर फोटो राहू देत, खाली उतरा. हृदयाचं किंवा बीपीचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

शनिवार-रविवार टाळा. केनोशाला तेव्हा हायवेच्या दोन्ही कडांना गाड्यांची रांग लागते आणि लोक मध्येच रस्ता ओलांडतात. रविवारी दुपारी जॉर्जटाउनहून डेन्व्हरकडे आय-७० हायवे म्हणजे नुसती रखडपट्टी. मंगळवार-बुधवार काढता आला तर बघा, उजाडायच्या आत पोचा, आणि एक जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती फार पटकन उतरते.

अवखळवारा:

बुधवार ठरला, ऑफिसात सुट्टी टाकली. बाबांना बेल्सऐवजी केनोशा पटवायचं काम नवऱ्यावर सोपवलंय, फोन त्याच्याचकडे असेल.