विषय: कोल्डप्लेची तिकिटं, रविवारी दुपारी १२ ला कोण कोण बसुलालंय?

शुक्रवार, २० सप्टेंबर २०२४
टिळकवाडी, बेळगावहून

मंडळी नमस्कार,

मेलबर्न सोडून बेळगावात परत आलो तरी मंडळाच्या ईमेल लिस्टवरनं नाव काढलेलं नाही, त्याचा आज फायदा घेते. आमच्या कन्येला (पीयूसी फर्स्ट इयर म्हणजे अकरावी, सायन्स, सीईटीचे क्लास, सगळं साग्रसंगीत) कोल्डप्ले हा विलायती बँड बघायचाय. जानेवारीत १८ आणि १९ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला आहे, विक्री परवा रविवारी दुपारी १२ ला ऑनलाइन. २०१६ ला ते बीकेसीला येऊन गेले तेव्हा ही तिसरीत होती, त्यामुळे तेव्हा सुटलो, आता सुटका नाही.

साधं तिकीट २५०० पासून आहे, मैदानात उभं राहायचं ६४५०, चांगल्या सीटा साडेबारा हजारापर्यंत, आणि लाउंज म्हणून एक प्रकार आहे तो ३५ हजार. लाउंजवाल्यांना बहुतेक गायक स्वतः घरी सोडायला येत असणार.

खरं आमच्यात आधी प्रश्न आला तो गाडीचा. रेल्वेचं रिझर्वेशन सध्या (२०२४ ला) १२० दिवस आधी उघडतं म्हणजे १७ जानेवारीची रात्रीची गाडी कालच उघडली, तेव्हा आधी गाडी काढायची आणि मग कार्यक्रमाचं तिकीट मिळतंय का ते बघायचं, असा उलटा कारभार. हे म्हणाले काढून ठेव, नाहीच मिळालं तर थ्री एसीला माणशी १८० आणि वर जीएसटी कापून बाकी परत येतात. काढली. सासूबाई म्हणतात पितृपक्षात कसली खरेदी करुलाल्यात तुम्ही. मी म्हटलं आई, खरेदी पितृपक्षात असली तरी गाणं संक्रांतीनंतर आहे.

कुणी म्हणेल बेंगळूरला काहीतरी येईल तेव्हा जा की. मुंबई पण पाचशे किलोमीटर आणि बेंगळूर पण पाचशे. आपण कुठले हा वाद इथं १९५६ पासून चाललाय, खरं तिकिटवाल्यांच्या हिशेबात आम्ही दोन्हीकडून सारखेच लांब.

तर ज्यांनी तिकडं टेलर स्विफ्टची तिकिटं काढायला कंबर कसली होती त्यांनी सांगा की ओ, फोन किती लावायचे, वायफाय बरं की डेटा, आणि पुण्या-मुंबईच्या भाचरांना पण बसवायचं का?

—

शुक्रवार, २० सप्टेंबर २०२४
एडिसन, न्यू जर्सीहून (मूळ खानापूर)

वहिनी,

भाचरांना जरूर बसवा, वायफायचं सोडून द्या. आमच्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात जे झालं ते पूर्ण देशानं पाहिलं. टेलर स्विफ्टच्या प्रीसेलसाठी, म्हणजे सगळ्यांना विक्री उघडायच्या आधीच्या विक्रीसाठी, तिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीकडे ३५ लाख लोकांनी नाव नोंदवलं, त्यातल्या साधारण १५ लाखांना कोड पाठवले, उरलेले वेटलिस्टवर. विक्रीच्या दिवशी कोड नसलेले लोक आणि बॉट्स (आपोआप तिकीट काढणारे प्रोग्रॅम) मिळून इतके आदळले की सिस्टिमवर साडेतीन अब्ज रिक्वेस्ट गेल्या असं कंपनीनंच नंतर सांगितलं. एका दिवसात २० लाखांच्या वर तिकिटं गेली आणि तीन दिवसांनी होणारी सर्वसाधारण विक्री रद्दच करून टाकली. पुढं जानेवारीत सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि यंदा मे महिन्यात न्याय खात्यानं लाइव्ह नेशन-तिकीटमास्टरवर मक्तेदारीचा खटला भरलाय. शो घेणारी कंपनी आणि तिकीट विकणारी कंपनी २०१० मध्ये एक झाल्या, भांडण मुळात तिथलं आहे.

आता कामाचं. विक्रीच्या साइटीवरच्या वेटिंग रूम साधारण अशा चालतात की विक्री उघडायच्या आधी जेवढे आत येऊन बसलेत त्या सगळ्यांना ठोक्याला एकदम ढवळून नंबर देतात, पहाटे पाचला येऊन बसलेला आणि पाच मिनिटं आधी आलेला दोघं सारखेच. उघडल्यानंतर जो येतो तो मात्र शेपटाला. म्हणजे वेळेच्या जरा आधी आत असणं एवढंच आपल्या हातात, बाकी लॉटरी, आणि लॉटरीत जेवढी माणसं तेवढ्या चिठ्ठ्या. एकाच लॉगिननं दहा टॅब उघडू नका, माणशी एक लॉगिन, एक फोन. आत गेल्यावर रिफ्रेश करायचं नाही, मुलांना हे शपथेवर सांगा.

आणि ओटीपी ज्या फोनवर येणार तो फोन हातात असलेल्या माणसानंच बसायचं. दादांच्या नावाचं कार्ड, दादा दुकानात आणि तुम्ही घरी, असं केलंत तर नंबर लागून पण तिकीट जाईल. कार्डाची ऑनलाइन लिमिट बँकेच्या ॲपमध्ये आजच बघून ठेवा, चार स्टँडिंग घेतली तर २६ हजाराच्या जवळ जाते आणि बऱ्याच जणांची लिमिट त्याच्या खाली लावून ठेवलेली असते. कुठला दर चालेल आणि कुठला नाही ते घरात शनिवारी रात्रीच भांडून घ्या, आत गेल्यावर भांडायला वेळ देत नाहीत.

—

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४
कार्यकारिणी

लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे याची सर्वांना नम्र आठवण. चर्चा चालू द्या, पण आपल्या दिवाळी पहाटेची तिकिटं पण विक्रीला आहेत, भरपूर शिल्लक आहेत, वेटिंग रूम नाही, ओटीपी नाही, फोन केला तरी चालतो. फराळ धरून.

—

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४
लंडनहून (मूळ शहापूर, बेळगाव)

ताई, निदान दर तरी आधी जाहीर केलेत हे नशीब समज. इथं ३१ ऑगस्टला ओएसिस या बँडच्या तिकिटांची विक्री झाली, लोक तासन्‌तास रांगेत, आणि नंबर लागल्यावर बघतात तर दीडशे पौंडाच्या आसपासचं स्टँडिंग ३५५ झालेलं. मागणी वाढली की दर वाढवायचा, याला डायनॅमिक प्रायसिंग म्हणतात. इतका वेळ थांबल्यावर माणूस परत फिरत नाही, हे त्यांना बरोबर माहीत असतं. ५ सप्टेंबरला इथल्या स्पर्धा आयोगानं चौकशी सुरू केली. मला विचारशील तर वाढलेल्या दरापेक्षा तो शेवटच्या क्षणी दाखवणं हा खरा चावटपणा.

—

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४
निपाणीहून

सूनबाई,

मुलाकडं राहून आलो तेव्हापासून लिस्टवर आहे, वाचतो सगळं, लिहीत नाही. वरचं वाचून हसायला आलं. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात जन्म काढला. शेतकरी माल घेऊन गाडीवर रात्रभर बसला की सकाळी दलाल काय भाव सांगेल तो कबूल, कारण माल परत न्यायला बैलात जीव नसायचा. लंडनवाले तेच करुलाल्यात, फक्त बैलाच्या जागी तुमची पोरं.

एक शंका. कोल्डप्ले म्हणजे माणूस की कंपनी? आणि मी पण बसू का रविवारी? दुपारी मला काय काम नसतंय.

—

रविवार, २२ सप्टेंबर २०२४, रात्री
टिळकवाडी, बेळगावहून

सगळ्यांना एकदम लिहिते, फोन उचलायची ताकद नाही.

नाही मिळालं. घरातले सगळे, पुण्यातली नणंद, डोंबिवलीचा भाचा, निपाणीचे काका, कुणालाच नाही. आमचे नंबर लाखांत, भाच्याचा त्यातल्या त्यात बरा म्हणून सगळे त्याच्या व्हिडिओ कॉलवर टांगून बसलो, त्याचा नंबर हळूहळू खाली येत होता तोवर दोन्ही शो संपले. मग २१ तारखेचा तिसरा शो जाहीर केला, त्याची विक्री सुरू, परत रांग, परत लाखांत. तोपर्यंत आमटी गार झालेली आणि सासूबाई देवासमोर बसलेल्या. पितृपक्षाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

रात्री बातम्यांत ऐकलं की लॉगिन करणारे १ कोटी ३० लाख होते. तिन्ही शो मिळून दोन लाख तिकिटं धरली तरी साठ-पासष्ट जणांत एक. सीईटी सोपी म्हणायची.

आणि मिनिटं गेली नाहीत तोवर दुसऱ्या साइटींवर तीच तिकिटं दिसायला लागली, काही तर लाखांच्या घरात. कन्येच्या एका मैत्रिणीच्या वडिलांना इन्स्टावर कुणीतरी ४५०० चं तिकीट २२ हजाराला देतो म्हणतोय, अर्धे आधी पाठवा. हे म्हणाले विचार करू. मी म्हटलं विचारसुद्धा करायचा नाही, साडेबारा हजारापर्यंत जायचं ठरलं होतं ते स्टेडियमला द्यायला, असल्या माणसाला एक रुपया नाही. कन्या दार लावून बसली आहे. गाडीची तिकिटं रद्द करू का विचारलं तर आतूनच ओरडली, नको.

—

सोमवार, २३ सप्टेंबर २०२४
एडिसनहून

वहिनी, बरोबर केलंत. पीडीएफ एक असतं आणि दहा जणांना विकतात, गेटवर पहिला शिरतो तो आत, बाकी नऊ बाहेर. आमच्याकडे बॉट्सविरुद्ध २०१६ पासून कायदा आहे, तरी रिसेलचा, म्हणजे घेतलेलं तिकीट परत विकायचा, बाजार जोरात. गाडी रद्द करू नका, अजून काहीतरी निघेल.

—

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४
मेलबर्नहून (मूळ अनगोळ, बेळगाव)

वहिनी, काल कोल्डप्लेचा इथला शेवटचा शो झाला, आम्ही परवाच्याला गेलो होतो. ते गाण्याचं राहू दे, तुमच्या कामाचं सांगते. या बँडची इन्फिनिटी तिकिटं म्हणून भानगड असते, साधारण २० अमेरिकन डॉलरच्या हिशेबानं, प्रत्येक गावात शोच्या आधी थोडी सोडतात. जोडीनंच घ्यायची, दोनच्या वर नाही, आणि सीट कुठली ते त्या दिवशी बॉक्स ऑफिसला तिकीट हातात पडल्यावरच कळतं. कुणाला छताखाली मिळते, कुणाला अगदी समोर. भारतात पण सोडतील, लक्ष ठेवा.

रिसेलवरनं आठवलं, इथं व्हिक्टोरिया राज्यात सरकारनं जाहीर केलेल्या मोठ्या कार्यक्रमांना छापील दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्तीनं तिकीट विकता येत नाही. टेलर स्विफ्ट एमसीजीला आली तेव्हा तो कायदा लावला होता. आपल्याकडे असं काही करायला काय हरकत आहे?

—

बुधवार, २० नोव्हेंबर २०२४
टिळकवाडी, बेळगावहून

अनगोळच्या बाई, तुझ्या तोंडात कुंदा पडो! इन्फिनिटी तिकिटं परवा शुक्रवारी २२ ला दुपारी १२ ला सुटुलाल्यात, २००० रुपयाला एक, जोडीनंच. मधे अहमदाबादचे शो पण निघाले, स्टेडियम केवढं तर १ लाख ३२ हजारांचं, तिथं पण बसलो, तिथं पण हात हलवत. खरं अहमदाबादला बेळगावाहून जाणार कसं आणि राहणार कुठं ह्याचा विचार मी तिकीट न मिळाल्यावर केला, त्यामुळे दुःख अर्धंच झालं.

शुक्रवार आहे, कन्या कॉलेजला, हे दुकानात. ज्यांना जमेल त्यांनी १८ जानेवारीच्या शोला लावा. काका, तुम्ही पण.

—

शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४
निपाणीहून

सूनबाई,

मंडईतनं येऊन हात धुवून बसलो. नंबर बरा आला, पुढं कसं करायचं ते शेजारच्या पोराला बोलावून विचारलं, ४००० गेले, आणि मेसेज आला. १८ तारीख, दोन तिकिटं. हे खरं आहे का बघ एकदा, फोटो पाठवलाय.

खरं त्यात एक लिहिलंय. ज्याच्या नावावर बुकिंग त्यानं ओळखपत्र घेऊन बॉक्स ऑफिसला हजर राहायचं. नाव माझं आहे.

—

शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४, थोड्या वेळानं
टिळकवाडी, बेळगावहून

काका, खरं आहे!! कन्येला कॉलेजच्या गेटवर फोन केला, तिथंच रडायला लागली, वॉचमननं येऊन विचारलं घरी सगळं बरं आहे ना म्हणून.

आता नीट ऐका. तिकिटं दोन, एक तुमचं आणि एक तिचं, मी आणि हे बाहेर थांबणार. तिला बरोबर मैत्रीण न्यायची होती, तो विषय मी संपवलाय. निपाणीला रेल्वे नाही आणि तुम्हाला रात्रीचं बेळगावपर्यंत उलटं आणण्यात अर्थ नाही, म्हणून आमची थ्री एसी रद्द करते, गेले १८० तर गेले, स्लीपर बसनं येऊ. बस हायवेनंच जाते, तुम्हाला निपाणीला घेऊ, आणि सकाळी नेरूळला एल.पी.च्या थांब्याला उतरायचं, स्टेडियम तिथंच हायवेला लागून आहे. डोंबिवलीच्या भाच्याला खोली बघायला सांगितली आहे.

आत हाताला दिव्याची पट्टी बांधतात, ती आपोआप लागते विझते, घाबरू नका, आणि शो झाल्यावर परत द्यायची असते. आवाज फार असतो, कानात कापूस न्या. सीट कुठली ते तिथंच कळणार, तेव्हा गुडघ्याचा पट्टा घालूनच या.

आधार कार्ड ओरिजिनल घ्या, झेरॉक्स नको. आणि काकूंना सांगा लाडू-चिवड्याचा डबा माझ्याकडं द्या म्हणून, आत बाहेरचं खाणं सोडत नाहीत.