चिमाजी आप्पांवर फलक करायचा आहे: काय लिहावं, काय टाळावं?

पाचपाखाडीकर:
आमच्या वाचनालयात मे महिन्यात वसईविजयानिमित्त छोटं प्रदर्शन आहे. थोरल्या बाजीरावांवर मजकूर भरपूर जमलाय. त्यांच्या धाकट्या भावाला मात्र सगळीकडे ‘वसईचे वीर’ या दोन शब्दांत गुंडाळलेलं दिसतं. फलकावर जागा दीडशे शब्दांची आहे. ठाणेकरांसाठी मजकूर कुठून सुरू करावा? वसई पडल्याची तारीख कुठे १२ मे, कुठे २३ मे दिसते, त्यातली खरी कोणती? आणि एका रविवारी लोकांना घेऊन काय काय दाखवता येईल?

खारकरआळी:
सुरुवात ठाण्यापासूनच करा. वसई १७३९ ची, पण मोहीम उघडली १७३७ च्या मार्चअखेर, ती इथे. पोर्तुगीज ठाण्याचा किल्ला बांधत होते आणि बांधकाम पुरं झालेलं नव्हतं. तटाला खिंडार पाडण्याचा वेळ आणि दारूगोळा त्यामुळे वाचला. आखणी आप्पांची, प्रत्यक्ष चढाईत खंडोजी माणकर वगैरे मंडळी. खाडीची आणि माणसांची माहिती अणजूरच्या गंगाजी नाईकांकडून आलेली. हे नाव फलकावर हवंच, भिवंडी तालुक्यातले लोक पहिलं तेच शोधतील.

ठाणंच आधी का? हे साष्टी बेटाचं पूर्वेचं दार. ते हातात आलं की बेटावरून वसईला जाणारं धान्य आणि माणूसबळ अडवता येतं. त्याच साली घोडबंदरही घेतलं, म्हणजे बेटाच्या उत्तर टोकाकडून, खाडीपलीकडे वसईला होणारी ये-जाही बंद. आधी रसद तोडायची, मग किल्ल्याला हात घालायचा, अशी ही रीत. ‘शूर’ वगैरे विशेषणांपेक्षा एक साधा नकाशा छापा. ठाणे, घोडबंदर, अर्नाळा, केळवे-माहीम, तारापूर, वसई असे ठिपके आणि प्रत्येकाखाली साल. अर्नाळा १७३७, केळवे-माहीम आणि तारापूर जानेवारी १७३९. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर तारापूरच्या लढाईत पडले, तेही ठिपक्याशेजारी एका ओळीत बसेल.

सुरुंगबत्ती:
वसईबद्दल ‘तोफांनी तट पाडला’ असं लिहू नका, काम सुरुंगांनी झालं. किल्ला भूशिराच्या टोकाला, तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून भिडता येतं ते फक्त उत्तरेकडून, तेही रेताड पट्ट्यातून. १७३७ मध्ये शंकराजी केशव फडक्यांनी वेढा घातला होता, शिड्या लावून पाहिल्या, जमलं नाही. १७३९ च्या फेब्रुवारीत आप्पा स्वतः आले आणि मोर्चे (हल्ल्यासाठी खणलेले खंदक) पुढे सरकवत तटाच्या पायथ्याला भिडवायचं ठरलं, म्हणजे तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासता येते.

असं काम बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. रेतीत भुयार ढासळतं, म्हणून लाकडी टेकू द्यावे लागतात. समुद्र जवळ, त्यामुळे ओल येते आणि दारू सादळते. वरून पेटते गोळे पडत असतात ते वेगळंच. सगळ्यात अवघड म्हणजे वेळ साधणं. शेजारशेजारचे सुरुंग बरोबर उडायला हवेत. १३ मेच्या हल्ल्यात नेमकं तेच चुकलं. एक सुरुंग उडाला, खिंडार दिसताच लोक आत धावले आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्याच पायाखाली फुटला. मराठ्यांची मोठी हानी इथे झाली. तरीही पुन्हा चढाई करून सेबास्तियन बुरुजाच्या बाजूला पाय रोवला. १६ मेला तह, किल्ला रिकामा करायला आठ दिवसांची मुदत, २३ मेला ताबा. जाणाऱ्यांना आपली चीजवस्तू नेऊ दिली, तेही लिहा.

एवढी घाई का, तर पाऊस. जून लागला की मोर्च्यांत पाणी भरणार आणि सगळा खटाटोप पुढच्या हंगामावर जाणार. त्यात नादिरशहा दिल्लीत होता, म्हणजे उत्तरेकडेही फौज लागणार. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे वसईलाच अडकलेले.

‘माझं डोकं तोफेने किल्ल्यात उडवा’ हे आप्पांच्या तोंडी घातलेलं वाक्य टाकायचंच असेल तर ‘अशी आख्यायिका आहे’ हे शब्द जोडूनच.

मोडीवाचक:
तारखा दोन्ही खऱ्या आहेत. पोर्तुगीज १५८२ पासून नवी (ग्रेगोरियन) गणना वापरत, इंग्रज १७५२ पर्यंत जुनी (ज्युलियन). अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर. २३ मे नवी, १२ मे जुनी. सुरुंगबत्तींनी दिलेल्या तारखा सगळ्या नव्या गणनेच्या आहेत.

आपल्याकडे पेशवाईच्या तिथ्या बहुतेक जुन्या गणनेत उतरवतात. घोटाळा होतो तो इथेच. बाजीरावांचं निधन २८ एप्रिल १७४० सर्वत्र छापतात, ते जुन्या गणनेने. नव्याने ते ९ मे होतं. एकाच फलकावर ‘वसई २३ मे १७३९’ आणि ‘बाजीराव २८ एप्रिल १७४०’ आलं की गणना मिसळली. एक निवडा, कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंदवा. मी जुनी घेईन, कारण शाळेच्या पुस्तकांशी जुळते. आप्पांचं निधन १७ डिसेंबर १७४०, म्हणजे भावामागे जेमतेम साडेसात महिने.

वंशवृक्ष काढणार असाल तर सदाशिवरावभाऊ आप्पांच्या खाली दाखवा. पानिपतचे भाऊ ते हेच, जन्म १७३०. त्यांना बाजीरावांच्या फांदीला जोडलेले वंशवृक्ष सर्रास दिसतात.

आणि वसईआधीची दोन कामं विसरू नका. नोव्हेंबर १७२८ ला माळव्यात आमझेऱ्याला मोगलांकडच्या गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पराभव, एप्रिल १७३६ ला रेवसजवळ जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात याचा. बाजीराव भोपाळला निजामाला कोंडत होते तेव्हा आप्पा तापीकाठी निजामाच्या मुलाला, नासिरजंगाला, अडवून बसले होते. भोपाळच्या वर्णनात ही बाजू सहसा येतच नाही. माझ्या मते फलकाचा मथळा तिथेच आहे.

पाचपाखाडीकर:
जुनीच गणना घेतो. रविवारचं कसं जमवावं?

खारकरआळी:
ठाण्याचा किल्ला म्हणजे सध्याचं मध्यवर्ती कारागृह, १८३३ पासून. आत जाता येत नाही आणि बाहेरून फोटो काढायच्या भानगडीतही पडू नका. रस्त्यावर उभं राहून दोन मिनिटं सांगा आणि निघा. बस केली तर घोडबंदर रोडने आधी घोडबंदर किल्ला, मग पूल ओलांडून वसई. रेल्वेने जायचं तर दादरला गाडी बदलून वसई रोड, पश्चिमेकडून किल्ल्याच्या बाजूची बस.

वसईत आप्पांच्या पुतळ्यापाशी सगळे थांबतात, ते ठीक. पण गटाला उत्तरेच्या तटाकडे न्या, हल्ला तिथे झाला. आत झाडी माजलेली असते, मेमध्ये सावली कमी. सकाळी नऊच्या आत पोचा, प्रत्येकी दोन लिटर पाणी, पायात बूट. वज्रेश्वरी वेगळ्या दिवशी ठेवा. आप्पांच्या नवसाचं म्हणून देऊळ प्रसिद्ध आहे, पण ते भिवंडी तालुक्यात, उलट्या वाटेला. रविवारच्या वाहतुकीत दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

सुरुंगबत्ती:
वसईच्या विजयानंतर तिथून आणलेल्या घंटेचा फोटो लागला तर नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा घ्या. तिच्यावर १७२१ हे साल आहे, जवळून काढलेल्या फोटोत वाचता येतं.