प्रार्थनेतला 'सोडव' : बरं कर की घेऊन जा?

प्रश्न

सर्वांना सलाम. आमच्या मावशी महिनाभरापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर आमच्या मंडळीतल्या बायका घरी प्रार्थनेला आल्या. एका काकूंनी मावशींच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "प्रभो, हिला यातून सोडव." मावशींच्या सुनेने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या गेल्यावर तिने हळूच विचारलं, "काकू काय म्हणाल्या? बरं कर, की घेऊन जा?" मला सांगता आलं नाही. 'सोडव'चा अर्थ इथे नेमका काय घ्यायचा? 'तारण' किंवा 'मुक्ती' म्हटलं असतं तर स्पष्ट झालं असतं का?

उत्तर

ताई, सलाम. सुनेच्या मनात आलं त्याला आपली मराठीच कारण आहे. खूप हाल काढून माणूस गेला की आपण 'सुटला बिचारा' म्हणतो. गाठ, गणित, सावकाराकडे गहाण पडलेल्या पाटल्या, कोठडीतला मुलगा, असं काहीतरी अडकलेलं असतं तेच आपण सोडवतो. कशातून काढायचं ते या शब्दात आहे. काढून कुठे न्यायचं ते नाही.

पण शास्त्रात, म्हणजे बायबलात पाहिलं तर मूळ भाषेतही तसंच आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. 'आम्हांला वाइटापासून सोडव' (मत्तय ६:१३) इथलं ग्रीक क्रियापद 'ऱ्हुओमाई', म्हणजे धोक्यातून ओढून काढणे. मत्तयाच्या त्याच शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, २७:४३ मध्ये क्रूसाखाली उभे असलेले याजक आणि शास्त्री थट्टा करतात : याचा देवावर भरवसा आहे ना, मग देवाने याला आता सोडवावं. क्रियापद तेच. शिष्यांना प्रार्थनेत शिकवलेला शब्द येशूला स्वतःच्या मरणवेळी टोमणा म्हणून ऐकावा लागला. आणि त्या 'आता'ला त्या दुपारी उत्तर मिळालं नाही. आदल्या रात्री त्याने हा दुःखाचा प्याला टळून जावो असंही मागितलं होतं. तोही टळला नाही.

आता तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा, अध्याय ४. सहाव्या ओवीत येशूचा प्रेषित पौल म्हणतो, माझी जायची वेळ आली. सतराव्यात म्हणतो, मला सिंहाच्या मुखातून सोडवलं. अठराव्यात, प्रभू मला प्रत्येक वाइटातून सोडवील आणि आपल्या स्वर्गीय राज्यात नेईल. दोन्हीकडे पुन्हा 'ऱ्हुओमाई'. एकदा जीव वाचण्यासाठी, एकदा मरणापलीकडे नेण्यासाठी. पौलाने त्यासाठी वेगळा शब्द शोधला नाही.

जुन्या करारातलं हिब्रू क्रियापद 'नात्सल' अधिक रांगडं आहे, हिसकावून घेणे. तकोव्याचा मेंढपाळ आमोस (३:१२) सांगतो, सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ दोन तंगड्या नाहीतर कानाचा तुकडा सोडवून आणतो. ओवी न्यायदंडाची आहे, दिलाशाची नाही. तरी आजारी माणसाशेजारी बसलेल्याला तो कानाचा तुकडा कळतो. आज ताप उतरला, उद्या दोन घास गेले, एवढंच हाती लागतं.

'तारण'बद्दल थोडक्यात : तारणे म्हणजे पार नेणे, 'तारू' त्यातलंच. बँकेतलं सोनेतारण वेगळं. पण मंडळीत 'तारण' पापाशी इतकं जोडलं गेलंय की 'तापातून तारण' कोणी म्हणत नाही. 'मुक्ती' ऐकली की पुष्कळांना जन्ममरणाचा फेरा आठवतो. मात्र पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाला हाच शब्द दिला. १८९६-९७ च्या दुष्काळात आणलेल्या मुलींना त्या मुक्तीत भाकरी, छप्पर आणि अक्षरं मिळाली.

तेव्हा माझ्या मते 'सोडव'च ठेवावा. 'बरं कर' म्हणायचं असेल तर तेही मोकळेपणाने म्हणावं, त्यात अविश्वास नाही. फक्त 'घेऊन जा' हे आजाऱ्याच्या उशाशी दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने म्हणू नये. मावशी शुद्धीवर असतील तर त्यांनाच विचारा, आम्ही काय मागू?

पुन्हा प्रश्नकर्तीकडून

दादा, काल विचारलं. मावशी म्हणाल्या, "दुखणं थांबू दे म्हण. बाकी मी त्याच्याशी बोलते." सुनेने तेवढंच मागितलं, आणि काकूंनाही तसं कळवलं.