मशीन देशी, पण डोकं जपानचं... हे कधी बदलणार?

भोसरीकर:
माझं भोसरीत छोटं जॉबवर्कचं शॉप आहे, दोन व्हीएमसी (उभ्या मिलिंगची मशीनं) नि एक सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर धातू कापणारी मशीनं. मागच्या महिन्यात एका व्हीएमसीचा सर्व्हो ड्राइव्ह (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेला, पार्ट बाहेरून यायला अकरा दिवस, तोवर मशीन नुसतं उभं आणि बँकेचा हप्ता मात्र वेळेवर. देशी म्हणून घेतलेलं मशीन, पण कंट्रोलर (मशीनचं डोकं), सर्व्हो, बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा अचूक स्क्रू) सगळं जपान नाहीतर तैवानचं. आपलं काय, तर बिडाचं कास्टिंग आणि पत्रा! इंजिनिअर तर ढिगाने आहेत, मग अडतंय कुठे? (राजकारण नको, हात जोडतो.)

मायक्रॉन:
नुसता शोध लावून भागत नाही हो. एनसी मशीन, म्हणजे आकड्यांच्या हुकुमावर चालणारं, सीएनसीच्या आधीचं, पहिल्यांदा चालवून दाखवलं अमेरिकेत, एमआयटीत, १९५२ ला, पैसा एअर फोर्सचा. मग साहजिकच ते सगळं विमानाच्या पार्टसाठी, अवाढव्य नि महागडं. जपानच्या फुजित्सू कंपनीने १९५६ ला स्वतःचं एनसी केलं, पुढे १९७२ ला त्यातूनच कंट्रोलर बनवणारी फानुक वेगळी निघाली, आणि जपान्यांनी लक्ष दिलं ते आपल्यासारख्या छोट्या शॉपला परवडेल अशा साध्या, दणकट मशीनवर. १९८२ मध्ये मशीन टूल बनवण्यात जपान अमेरिकेच्या पुढे. शोध एकाचा, बाजार दुसऱ्याचा.

स्टुटगार्टचा_पाहुणा:
पैशाचंही बघा ना. आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के घालतो, कोरिया ५ च्या आसपास. आणि तिकडे बहुतेक खर्च कंपन्या करतात, आपल्याकडे निम्म्याहून जास्त सरकार. इथे जर्मनीत फ्राउनहोफर म्हणून संस्था आहेत, छोटी कंपनी पण आपला प्रॉब्लेम घेऊन पैसे देऊन काम करून घेते. आपल्याकडे कॉलेजची लॅब आणि एमआयडीसी यांच्यात एक रस्ता असतो फक्त, पण तो ओलांडत कोणी नाही.

शिरोलीवाला:
टक्केवारी राहू द्या, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आमच्या शेजारच्या गाळ्यात एका पोराने लेथसाठी स्वतः कंट्रोलर केला होता, छान चालायचा. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, किती मशीनवर बसवलाय? एकपण नाही म्हटलं की विषय संपला. आणि विचारणारे कोण, तर आपणच सगळे! मोठ्या कंपनीला माल द्यायचा म्हटल्यावर कोण रिस्क घेणार, एक लॉट रिजेक्ट झाला की महिन्याचा नफा गेला. शेवटी पोरगा पुण्याला नोकरीला लागला.

मायक्रॉन:
+१. पहिलं गिऱ्हाईकच मिळत नाही, खरं दुखणं तेच आहे.

भोसरीकर:
शिरोलीवाले, खरं सांगायचं तर माझ्याकडे पण असा एकजण आलेला, मीपण हेच विचारून वाटेला लावला होता 😐 माझ्याकडे एक जुनी लेथ पडून आहे, कंट्रोलर मेलेला, बेड (खालचा बिडाचा सांगाडा) एकदम ठणठणीत. त्या पोराचा नंबर असेल तर मेसेजमध्ये पाठवा. रविवारी शॉप बंदच असतं, येऊन काय ते जोडून बघ म्हणावं, बिघडलं तरी माझं काही जात नाही.