'अवश्य भेट द्या' लिहायचं की नाही?

पायपीट: विकिव्हॉयेजवर (कोणीही लिहू शकेल अशी ऑनलाइन प्रवासमार्गदर्शिका) नवखा आहे. एका संग्रहालयाच्या नोंदीत 'नयनरम्य, अविस्मरणीय, अवश्य भेट द्या' असं लिहिलं होतं. तासाभरात कोणीतरी ते उडवून 'दुपारी गर्दी असते, सकाळी जा' एवढंच ठेवलं. विकिपीडियावर तर असं 'जा' म्हटलेलं चालत नाही!

खोडरबर: उडवणारी मीच, राग नसावा. विकिपीडियात तटस्थपणा लागतो, इथे प्रामाणिकपणा. वाचक पाठीवर बॅग घेऊन उभा आहे, त्याला 'जा', 'टाळा' असं सरळ सांगितलेलं चालतं. पण 'नयनरम्य' कुठल्याही डोंगराला चिकटतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. 'गच्चीवरून नदीचं वळण दिसतं' लिहा, मी हात लावणार नाही. आणि जागा रटाळ असेल तर तेही लिहा. (आपलं हॉटेल 'सर्वोत्तम' म्हणणारे मालक रोज येतात, म्हणून माझा हात जरा जडच पडतो.)

वेळापत्रक: 'सध्या', 'नुकतंच' टाळा. चार वर्षांनी वाचणाऱ्याचं 'सध्या' वेगळं असतं. 'मार्च 2024 पासून बंद' म्हणा. फोन नंबर देशाच्या कोडसह, किंमत तिथल्याच चलनात.

पायपीट: पटलं. पण 'जा' की 'जावे'?

खोडरबर: 'जा'. 'जावे' म्हटलं की सरकारी फलक वाटतो. फक्त एकाच नोंदीत दोन्ही नकोत. काल एका परिच्छेदात 'उतरा', 'उतरावे' आणि 'उतरता येईल' तिन्ही सापडले. तिघांनी लिहिलेला असणार.

पायपीट: दोघांनी. 'उतरावे' आणि 'उतरता येईल' माझंच.